नळीचं दुसरं टोक

मला एक सांगा, फौजान. लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस उभा असतो, भिंतीआड, तुम्हाला न दिसणारा, ज्याचा फक्त आवाज तुमच्यापर्यंत येतो... त्याच्यावर विश्वास ठेवावा का? आणि त्याच्यावर नाही, तर मग कोणावर ठेवावा?

लगेच उत्तर देऊ नका. आधी बसा. डोकं सांभाळून, त्या खाली आलेल्या तुळईवर मागच्याच आठवड्यात एकाने कपाळ फोडून घेतलं. तुमची नऊ पोती सिमेंट आणि गाडीभर रेती कुठे पळून जात नाही. कॉफी घ्या. गाळ खाली बसू द्या.

तुम्ही कोपऱ्यावरचं दुकान घेतलंत, मोबाइल दुरुस्तीचं करणार म्हणता, आणि जमीन स्वतःच्या हाताने चढवणार म्हणता. चांगलं आहे. गवंडी लावण्याइतकं त्यात काही नाही. ह्या गल्लीत प्रत्येकाने आपापली जमीन आपणच चढवली आहे. पेकालोंगानच्या ह्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत समुद्र वर येतोय की जमीन खाली जातेय, ह्यावर टपरीवर रोज वाद होतो. पोत्याला पाणी लागायचं ते लागतंच. शेजाऱ्याने चढवली की त्याच्या दारातलं पाणी आपल्या दारात येतं, म्हणून मग आपणही चढवायची. मी रेती-सिमेंट विकतो, त्यामुळे हा सगळा प्रकार वाईट आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आमच्या बापाने हे दुकान बांधलं तेव्हा छत दोन पुरुष उंच होतं. आता मी हात वर केला की तळवा वाशाला टेकतो. खिडक्या बघा, उजेड घोट्यापाशी येतो. दिव्याची बटणं तीनदा वर सरकवली. पंखा काढून टाकला, नाहीतर उंच गिऱ्हाइकाची हजामत झाली असती. हजामतीवरून आठवलं, पलीकडच्या मुआरिफ न्हाव्याने आरसा भिंतीत पक्का बसवला होता, म्हणून तो वर नेलाच नाही. चौथ्यांदा जमीन चढवल्यावर खुर्चीत बसलेल्याला आरशात स्वतःचं पोट दिसायला लागलं. कोणी तक्रार केली की मुआरिफ म्हणायचा, "केस कापायला डोळे माझे लागतात. तुम्ही पोट बघत बसा, तेवढंच जेवण कमी कराल."

तर काम असं असतं. सामान बाहेर काढायचं, भराव टाकायचा, धुम्मसने ठोकून बसवायचा, वर कोबा, जमलं तर फरशी. ह्या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट महत्त्वाची, चारी भिंतींवर सारख्या उंचीच्या खुणा. जमीन एका बाजूला अंगठाभर जरी कलली, तरी रोबचं, म्हणजे भरतीला गल्लीत चढणारं, पाणी त्याच कोपऱ्यात जाऊन बसतं आणि भरती उतरली तरी बाहेर पडत नाही. त्या खुणांसाठी ही नळी. वीस हात लांब, आरपार दिसणारी. पाणी भरायचं, एक टोक तुम्ही धरायचं, दुसरं टोक दुसऱ्याने मागच्या खोलीत धरायचं. मधे भिंत असली तरी बिघडत नाही, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. तुम्ही तुमच्याकडे रेघ मारायची, त्याने त्याच्याकडे मारायची.

एक लक्षात ठेवा. नळीची दोन्ही तोंडं उघडी हवीत. कोणी एका तोंडावर अंगठा ठेवला तर पाणी खोटं बोलतं. एरवी पाणी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

माझा थोरला भाऊ तार्मुजी, मी त्याला कांग म्हणायचो, नळीच्या दुसऱ्या टोकाला नेहमी तोच. त्याच्याकडे एक जांभळी पेन्सिल असायची, ती जिभेवर ओली करून रेघ मारायची. रेघ मारली की "झालं" म्हणायचा, हळू, आणि त्याचं "झालं" म्हणजे झालं. जीभ कायम जांभळी. वहिनी त्याला म्हणायची, "लग्नाच्या वेळी दात बघितले, जीभ बघायची राहिली." आमची तिसरी जमीन आम्ही दोघांनी मिळून घातली, लाल फरशीची. कांग सात वीत उंच होता, ना कमी ना जास्त. मला हे आकडे पाठ आहेत ते का, ते पुढे कळेल.

आता रीत सांगतो. तुम्ही डोंगराकडचे, तुम्हाला ती माहीत नसेल.

नवी जमीन सुकली की घरातल्या प्रत्येकाने अनवाणी तिच्यावरून चालायचं, उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. तान्हं मूल असेल तर उचलून त्याचे तळवे टेकवायचे. आजारी माणूस असेल तर काखेत हात घालून उभं करायचं. घरातलं थोरलं माणूस आधी चालतं, मग मागच्या भिंतीशी बसून मोजतं आणि शेवटी आकडा मोठ्याने सांगतं. घरात जितके, तितका आकडा आला पाहिजे. का, ते कोणी सांगत नाही. आमची आई एवढंच म्हणायची, "जो चालत नाही तो खाली राहतो." आम्हा पोरांना वाटायचं, घाबरवायला म्हणते.

चौथ्या वेळी कांग आजारी होता. महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेला. वहिनी म्हणाली, तो बरा झाल्यावर चढवू. पण अमावास्येची मोठी भरती आठ दिवसांवर आली होती आणि दुकानात साठ पोती सिमेंट होतं. मग आम्ही कांगची खाट हलवलीच नाही. एकेक पाय उचलून खाली विटा सरकवल्या, दोन वीत वर नेली, आणि खाटेखाली भराव टाकला. कांग वरून म्हणाला, "पालखी नीट उचल रे, बोल. राजा पडेल." माझ्या कास्बोलाह ह्या नावाचं बोल त्यानेच केलं होतं.

चालायच्या दिवशी मागच्या खोलीतला कोबा जरा ओलाच होता. थोरला अंथरुणावर, आई बहिरी आणि विसराळू झाली होती, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. आई चालली, मी, माझी बायको मुनिफा, आमचा मुलगा, रोकाया वहिनी. पाच. वहिनी खाटेपाशी थांबली होती, कांगच्या काखेत हात घालायला. मी म्हटलं, "राहू दे. त्याचे पाय ओल्या कोब्यात रुततील. खड्डे पडतील. चार दिवसांनी चालेल तो." आणि मग मोठ्याने म्हणालो, "सहा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं.

कांग आठव्या दिवशी गेला. खाटेवरून त्याला जनाज्यावर घेतलं आणि तसंच बाहेर नेलं. त्याचा पाय त्या जमिनीला कधीच लागला नाही.

मला तेव्हा काही वाटलं नाही. वाईट वाटलं, भाऊ होता. पण मी म्हणतोय ते वेगळं. ओलं सिमेंट हाताला फार वेळ लागलं की कातडी असते पण तिला काही कळत नाही, टोचलं तरी कळत नाही. तसं काहीतरी माझ्या आत झालं आणि राहिलं. गिऱ्हाइकांशी मी हसून बोलत होतो. आताही बोलतोच आहे.

पाच वर्षांनी पाचवी जमीन, आणखी दोन वीत. आई तोवर गेली होती. वहिनीने मोजलं, चार म्हणाली, चारच होतो. ती भिंतीशी जरा जास्त वेळ बसून राहिली, एवढंच.

आणि मग सहाव्या वेळची गोष्ट.

रोजे चालू होते. ईदच्या आधी जमीन करायची होती, कारण पाहुणे येतात आणि मागच्या पंधरवड्यात पाणी दोनदा उंबरा ओलांडून आत आलं होतं. ह्या खेपेला थोडं चढवून भागणार नव्हतं, तीन वीत चढवायचं ठरवलं. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. रोज्यांच्या दिवसांत त्या वेळी गल्ली कशी असते तुम्हाला ठाऊक आहे. टपऱ्यांवर पडदे, शटरं अर्धी खाली, माणसं जिथे सावली मिळेल तिथे आडवी. मुनिफा, मुलगा आणि सून बाजारात. वहिनी वरच्या माळ्यावर झोपलेली, तिच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पुरता उतरला होता. नळी धरायला शेजारचा सोलेहान शिंपी यायचा होता. सोलेहान साडेपाच वीत, त्यातून दिवसभर मशीनवर वाकलेला; गल्लीत सगळे त्याला त्याच्या उंचीवरून छेडतात आणि तो सगळ्यांना त्यांच्या पँटच्या मापावरून छेडतो.

मी दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा होतो. नळीत पाणी भरलं होतं, तिचं दुसरं टोक मागच्या खोलीच्या दारातून आत टाकलं होतं. घसा कोरडा. सगळीकडे ओल्या चुन्याचा आणि साचलेल्या खाऱ्या पाण्याचा वास. पाठीमागून कोणीतरी आत गेल्यासारखं वाटलं. मग नळी ओढली गेली. हलकेच, दोनदा. धरली, ह्याची ती खूण.

"आलास?" मी म्हटलं.

"...हं."

"वर घे जरा. माझ्याकडे पाणी खाली आहे."

पाणी वर आलं. हललं. थांबलं. मी रेघ मारली.

"मारलीस?"

"...थांब. हलतंय अजून."

आवाज खालून येत होता, जमिनीपासून हातभर उंचीवरून आल्यासारखा. मला वाटलं, सोलेहान उकिडवा बसलाय. शिंप्यांना उभं राहणं जमत नाही.

"...झालं," आवाज आला.

मी दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. तिथेही तसंच. नळी ओढली गेली, पाणी थांबलं, झालं. तिसऱ्यालाही तसंच. काम इतकं झरझर चाललं होतं की मला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांत इतक्या सरळ हाताने कोणी दुसरं टोक धरलं नव्हतं.

चौथ्या कोपऱ्यात आतून प्रश्न आला.

"...किती चढवणार?"

"तीन वीत."

नळीतलं पाणी स्थिर होतं, मी त्याच्याकडे बघत होतो.

"...तीन म्हणजे... बुडेन मी."

मला हसू आलं. सोलेहानची उंची. मी म्हटलं, "तू तर कधीचाच बुडालेला आहेस. रेघ मार आणि गप बस."

"...झालं," आवाज आला.

तेवढ्यात शटर खडखडलं. सोलेहान वाकून आत आला. वाकायची त्याला गरज नसते, पण सवय. गालावर चटईचे वळ उमटलेले.

"माफ कर, काका," तो म्हणाला, "जरा पडलो आणि डोळा लागला. तू एकट्यानेच सुरू केलंस? दुसरं टोक काय मांजराला धरायला दिलंस?"

माझ्या हातात नळी होती. तिचं दुसरं टोक अजून धरलेलं होतं. सोडलं असतं तर पाणी सांडून गेलं असतं, माझ्या बाजूचं खाली गेलं असतं. ते जागचं हललं नव्हतं.

मग ते खाली गेलं. हळूहळू. जसं कोणी संपलेल्या कामानंतर नळी जपून जमिनीवर ठेवतो, तसं.

मी मागच्या खोलीत गेलो. दुसरं दार त्या खोलीला नाही, बाहेरचं होतं ते पाचव्या वेळी आम्ही विटांनी बुजवलं. खोलीत कोणी नव्हतं. नळीचं टोक जमिनीवर, कोरड्या कोब्यावर. भिंतीवर चार खुणा, जांभळ्या, ओल्या.

सोलेहान मागून डोकावला. "तू ह्या पेन्सिली अजून विकतोस?"

"तू काय वापरतोस?"

"शिंपी आहे मी. खडू. का?"

मी नळी पुन्हा भरली, सोलेहानला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि चारही खुणा परत तपासल्या. सोलेहानच्या खडूच्या रेघा बोटभर वर आल्या. त्याने अंगठा नळीच्या तोंडावर ठेवला होता, झोपेत. पुन्हा केलं. जांभळ्या रेघा केसभरही चुकल्या नव्हत्या.

आता तुम्हीच बघा, फौजान. जिवंत माणूस बोटभर चुकला.

त्या रात्री मी झोपलो, सहरीला उठलो, जेवलो. लाल फरशीवर उभा असलेला सात वीत उंचीचा माणूस. वर दोन वीत, मग दोन वीत. राहिले तीन. तीन वितींतून छाती, खांदे, तोंड. आणि त्यावर मी आता तीन वीत रेती टाकणार होतो. हे गणित मी भाव सांगावा इतक्या सहज केलं आणि मला काहीच झालं नाही. फक्त घास चावताना चव लागत नव्हती.

सकाळी वहिनीकडे गेलो. ती ईदच्या भाताच्या पुड्यांसाठी नारळाची पात विणत होती. डोळे नव्हते, पण बोटं चालत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "कांग मागच्या खोलीत आहे."

तिची बोटं थांबली नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू सहा म्हणालास तेव्हापासून. तेव्हा माझे डोळे चांगले होते, बोल. मी पाच मोजले होते."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"मोजायचं काम तुझ्याकडे होतं." तिने पुडी पुरी केली, बाजूला ठेवली, दुसरी पात घेतली. "तुझ्या आकड्याने तो जमिनीखाली गेला. आता तीन वीत चढवतोयस म्हणे."

"नाही चढवलं तर दुकान जातं. मुलगा-सून कुठे जातील? आणि माळ्यावर तू किती दिवस चढणार?"

"मी कुठे नको म्हटलं?"

"मग काय करू?"

"बांधतोस तू. मला काय विचारतोस? वर यायला माणसाला काय लागतं?"

पायऱ्या लागतात.

मी मागच्या खोलीत, खाट होती त्या जागी, खणायला घेतलं. सोलेहान मदतीला आला. त्याला मी सांगितलं, जुन्या फरशा काढतोय, विकायच्या आहेत. तो फावडं मारत म्हणाला, "काका, तू दुकानात विहीर काढतोयस. खारं पाणी कोणाला विकणार, माशांना?" चार वितींवर लाल फरशी लागली. फरशीवर खड्डे नव्हते, भेगा नव्हत्या, जशी आम्ही घातली तशी. बाजूने पाणी झिरपायला लागलं. मी पाण्यात गुडघे टेकून विटांच्या पायऱ्या बांधल्या. सात. एकेक वितीच्या. लाल फरशीपासून नव्या जमिनीपर्यंत. कडा सरळ आल्या नाहीत, विटांमधल्या फटी नीट भरल्या गेल्या नाहीत. मी त्याहून वाईट काम कधी केलेलं नाही. पाण्याखाली सिमेंट नीट धरत नाही, तरी धरलं.

मग बाकी जमीन चढवली, तीन वीत, जांभळ्या खुणांप्रमाणे. मागच्या खोलीत तेवढं एक तोंड उघडं ठेवलं, दोन हात लांब, दीड हात रुंद. सून त्याच्या जवळ जात नसे. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

ईदच्या आदल्या दुपारी आम्ही चाललो. वहिनी आधी, भिंतीला हात लावत. मागच्या भिंतीशी रंगाचा डबा पालथा घातला होता, त्यावर बसली. डोळे नसल्याने ती पावलांचे आवाज मोजणार होती, म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मी चाललो. मुनिफा चालली. मुलगा, मग सून. प्रत्येकाचे तळवे नव्या कोब्यावर चप चप वाजत होते. मग शांत झालं. भरतीची वेळ होती. खाली पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलेलं, त्यावर माळ्याच्या झरोक्याचा उजेड पडला होता, तो हलत नव्हता.

वहिनी कान देऊन बसली होती. मान पायऱ्यांच्या बाजूला किंचित वळलेली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, काही नाही.

"सहा," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "मोठी आई, आपण पाचच आहोत."

"मी ऐकलं ते सांगितलं."

मी पायऱ्यांकडे बघितलं. वरच्या पाच कोरड्या होत्या. पण मी सकाळपासून उपाशी, डोळ्यांपुढे ठिपके, आणि कोरडं म्हणजे काय ते तरी मला कोणी सांगावं? पाणी चढत होतं. रात्रीपर्यंत ते त्या तोंडातून वर आलं असतं आणि बाहेर दुकानात साठ पोती. मी वहिनीला पुन्हा विचारलं नाही. मोजायचं काम तिच्याकडे होतं, तिने आकडा सांगितला होता. मी घमेलं उचललं. सोलेहानला हाक मारली. आम्ही दोघांनी ते तोंड बुजवलं, पायऱ्यांसकट, रेती, खडी, धुम्मस. सोलेहान म्हणाला, "इतकी मेहनत करून पायऱ्या बांधल्यास आणि कोणी चढायच्या आत बुजवल्यास. श्रीमंत माणूस आहेस बाबा." मी हसलो. अंधार पडायच्या आत वर कोबा झाला. एकही खड्डा नाही.

दुसऱ्या दिवशी ईद. नमाज झाली, घरी आलो. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी थोरल्यांपुढे गुडघे टेकून माफी मागायची असते. मी वहिनीपुढे बसलो, तिचे हात कपाळाला लावले आणि म्हटलं, "बारा वर्षांपूर्वीचं माफ कर."

"केलं," ती म्हणाली. मग थोरली माणसं उलट म्हणतात तेच, सगळे म्हणतात तेच, तीही म्हणाली, "माझंही काही चुकलं असेल तर तूही माफ कर."

मी उठायला लागलो. तिने हात सोडला नाही. तिचे पांढरे डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीकडे लागलेले.

"मोजण्यात," ती म्हणाली.

मागे पाहुण्यांची रांग लागली होती, मुलगा पुढे सरकत होता. मी "केलं" म्हणालो, आणि बाजूला झालो, आणि वाटीत भात घेतला.

तिला विचारायचं होतं. नंतर विचारू म्हटलं, सण जाऊ दे म्हटलं. सणानंतर चाळीस दिवसांनी ती झोपेतच गेली. म्हणजे तिने खरंच सहा ऐकले, की एका खोट्या आकड्याला तिने बारा वर्षांनी दुसरा खोटा आकडा दिला आणि बुजवायचं काम माझ्याच हाताने करवून घेतलं, हे आता मला कोण सांगणार? कधी वाटतं, तिचं त्याच्यावर प्रेम होतं, ती असं करणार नाही. कधी वाटतं, म्हणूनच करेल. दोन्ही वेळा मला आत काही हलल्यासारखं होत नाही. सवयीने दुकान उघडतो, सवयीने बंद करतो.

तुमची कॉफी निवली. राहू द्या, दुसरी सांगतो.

नळी बघायची म्हणता? ती बघा, तिथे खिळ्यावर, दोन्ही टोकं वर करून टांगलेली आहे. ईदनंतर मी ती धुतली, पाणी भरून ठेवलं, कोरडी राहिली की चिरते म्हणून. दोन्ही तोंडं उघडी आहेत, जवळ जाऊन बघा. बोट घालून बघा हवं तर. आता पाणी बघा. दुकानाच्या बाजूच्या टोकात छातीइतकं. मागच्या खोलीच्या बाजूच्या टोकात... मोजा तुम्ही, वीत लावून. मी मोजलंय. तीन वीत खाली. मी शेवटच्या वेळी चढवलं तेवढंच. दोन वेळा ओतून पुन्हा भरलं. नवी नळी आणून तिथे टांगली. तेच.

ही तुम्हाला विकणार नाही. तुम्हाला कोरी देतो.

तर नऊ पोती सिमेंट, गाडीभर रेती, एक नळी. पेन्सिल साधी घ्या. किती चढवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या टोकाला कोणीही उभं करा, शेजारी, मेहुणा, कोणीही. पण चालायच्या दिवशी मोजायला तुम्ही बसलात, फौजान, आणि घाई असली, कोबा ओला असला, दारात भरती असली, तरी एवढं ऐका माझं. जितके चालले, तितकेच सांगा.